पाणी फोडण्याची किंमत

ताम्हिणीचा पाऊस प्रसिद्ध आहे. या परिसरात कोसळणारे पुष्कळसे पाणी मुळशीच्या जलाशयात साठते. मुळा नदीचे हे पाणी एरवी पूर्वेकडे भीमेला मिळाले असते. परंतु धरणामुळे ते पश्चिमेकडे वळवून घाटाखाली भिरा येथे सुमारे ५०० मीटर खोल सोडले जाते. तेथील टाटांचे वीजगृह १९२७ साली सुरू झाले. पाण्यापासून वीज होते, हे आपण असे घराजवळच पाहतो. विजेने पाण्याचेच दोन वायूंत विघटन होते, ही गोष्ट मात्र आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांना तितकी परिचित नसते.

१८०० साली व्होल्टाच्या विद्युतघटाची वार्ता इंग्लंडात पोहोचली आणि त्याच वर्षी निकल्सन व कार्लाइल यांनी पाण्यातून विद्युतप्रवाह सोडला. दोन्ही तारांपाशी बुडबुडे उठले. ऋणाग्रापाशी हायड्रोजन आणि धनाग्रापाशी ऑक्सिजन जमा होत होता. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू व ऑक्सिजनचा एक, म्हणून ऋणाग्रावरील नळीत वायूचे आकारमान दुप्पट भरते. पेटती काडी नेली तर हायड्रोजन ‘पट्’ असा आवाज करून जळतो. ऑक्सिजनमध्ये विझत आलेला निखारा पुन्हा फुलतो.

शुद्ध पाणी विजेचे वाहक म्हणून फार दुबळे असते. म्हणून प्रयोगशाळेत त्यात थोडे सौम्य गंधकाम्ल मिसळतात. घरी कोणी मीठ घालून हा प्रयोग करू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघू शकतो.

आता हिशेब पाहू. ९ लिटर पाण्यापासून १ किलो हायड्रोजन व ८ किलो ऑक्सिजन मिळतो. त्यासाठी तत्त्वतः सुमारे ३९ युनिट आणि प्रत्यक्षात ५० युनिटांच्या आसपास वीज लागते. भिऱ्याच्या उंचीवरून १,००० लिटर पाणी पडले, तर यंत्रांतील घट वजा जाता सव्वा युनिटाहून काहीशी कमीच वीज हाती येते. म्हणजे ९ लिटर पाणी फोडण्यासाठी चाळीस हजारांहून अधिक लिटर पाणी डोंगरावरून खाली सोडावे लागेल! पाण्याच्या रेणूतील बंध किती बळकट आहेत, याची यावरून कल्पना यावी.

दोन्ही वायू पुन्हा एकत्र आले की पाणी बनते आणि ऊर्जा परत मिळते. परंतु घातली त्याहून अधिक कधीच नाही. हायड्रोजनपासून परत वीज करू गेल्यास मूळ विजेची निम्मीही हाती येत नाही. म्हणून ‘पाण्यावर चालणारी मोटार’ अशी वार्ता वाचली, की पाणी फोडणारी ऊर्जा कोठून आली, एवढाच प्रश्न विचारावा.

मग हा खटाटोप कशासाठी? वीज साठवणे अवघड, वायू साठवता येतो. शिवाय खतांसाठी लागणाऱ्या अमोनियाला हायड्रोजन हवाच. पंजाबातील नांगल येथे भाक्रा धरणाच्या विजेवर असा हायड्रोजन तयार करून खत बनवले जाई. १९६२ साली तेथेच देशातील पहिला जड पाण्याचा कारखाना निघाला. आज बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू व कोळशापासून काढतात आणि त्यात कर्बवायू हवेत जातो. ऊन, वारा किंवा धबधब्याच्या विजेवर काढलेल्या हायड्रोजनला ‘हरित’ म्हणतात. त्यासाठी केंद्र सरकारने २०२३ साली राष्ट्रीय मोहीम मंजूर केली, आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट ठेवले.

परंतु ‘हरित’ म्हटल्याने किंमत नाहीशी होत नाही. मुळशीच्या धरणासाठी गावे व भातखाचरे पाण्याखाली गेली. त्याविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह झाला आणि सेनापती बापट त्याचे नेते झाले. धरण झाले, मुंबईला वीज मिळाली. विस्थापितांच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकात बंद करून ठेवण्यासारखा नाही. हायड्रोजनच्या नव्या कारखान्यांनाही पाणी, जमीन आणि वीज लागणारच. एका किलोला किती युनिट लागतात, हे रसायनशास्त्र सांगेल. ते पाणी कोणाच्या वाट्याचे आणि ती जमीन कोणाची, हे विचारणे मात्र इतिहास, अर्थशास्त्र नि राज्यशास्त्र शिकणाऱ्या आपल्यासारख्यांचे काम आहे. आणि ते नीट विचारायचे तर आधी हा युनिटांचा हिशेब समजून घेतला पाहिजे.