छातीत जळजळ आणि पोटात मुरडा: दोन तक्रारी, एकच केसपेपर हवा

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत असे रुग्ण रोज दिसतात. एका केसपेपरवर ‘ॲसिडिटी’ लिहिलेले असते, दुसऱ्यावर ‘आयबीएस’. सकाळी पँटोप्रॅझोल, दुपारी मुरडा थांबवणारी गोळी. वर्षानुवर्षे दोन्ही चालू, तरी आराम बेताचाच.

आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. पोट वारंवार दुखणे, त्या दुखण्याचा शौचाशी संबंध असणे आणि कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ ही त्याची ओळख. २०१६च्या ‘रोम ४’ निकषांनुसार गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस असे दुखायला हवे आणि त्रासाची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची हवी. यातील अनेकांना छातीत जळजळ, आंबट ढेकर, घशात गोळा असल्यासारखे वाटणे हे त्रासही होतात. तो निव्वळ योगायोग नसतो.

दुवा कोणता?

अन्ननलिका आणि मोठे आतडे हे एकाच लांब नळीचे भाग आहेत. त्यांच्या भिंतीतील मज्जातंतूंचे जाळे मेंदूशी सतत जोडलेले असते. काही जणांत हे जाळे गरजेपेक्षा जास्त जागरूक होते. इतरांना जाणवणारही नाही एवढा गॅस त्यांना दुखतो आणि थोडेसे आम्ल वर आले तरी आग होते. ताण, अपुरी झोप, पोटाचा मोठा संसर्ग यांनी ही संवेदनशीलता वाढू शकते. तपासण्या नॉर्मल आल्या म्हणून हा त्रास खोटा ठरत नाही.

जळजळ होणाऱ्या काहींमध्ये आम्ल खरोखरच जास्त वर येते. काहींमध्ये मात्र एंडोस्कोपी आणि अन्ननलिकेतील आम्लाची २४ तासांची मोजणी, दोन्ही नॉर्मल येतात. त्याला फंक्शनल हार्टबर्न म्हणतात. आम्ल हे कारणच नसेल, तर आम्ल कमी करणारी गोळी दुप्पट करून काय साधणार?

गोळ्यांचे भांडण

डायसायक्लोमिनसारख्या मुरड्याच्या गोळ्या आतड्याबरोबर अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडपही सैल करू शकतात. पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूलनेही काहींची जळजळ वाढते. उलट पँटोप्रॅझोलमुळे काहींना जुलाब होतात. म्हणजे एकाचा उपाय दुसऱ्याचा त्रास वाढवू शकतो. म्हणून दोन्ही तक्रारी एकाच डॉक्टरांसमोर मांडाव्यात आणि घेत असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.

पँटोप्रॅझोल जेवणापूर्वी अर्धा तास घ्यायची असते. डॉक्टरांच्या सल्ल्याने आठ आठवडे नीट घेऊनही फरक नसेल, तर डोस वाढवत राहण्यापेक्षा निदान पुन्हा तपासावे. मात्र ॲस्पिरिनसारख्या औषधांपासून जठराच्या रक्षणासाठी ती दिली असेल, तर परस्पर बंद करू नये.

आयबीएसमध्ये इसबगोल उपयोगी पडते. ते भरपूर पाण्याबरोबर घ्यावे आणि घेतल्याबरोबर आडवे होऊ नये. रात्रीचे जेवण झोपण्याच्या तीन तास आधी उरकावे. चहा, तळलेले, कांदा-लसूण, कडधान्ये यांपैकी नेमके काय बाधते, हे दोन आठवडे वहीत लिहून पाहावे. सगळेच सोडून अशक्तपणा ओढवू नये.

अतिजागरूक मज्जातंतूंना शांत करण्यासाठी कधी अमिट्रिप्टिलिन अगदी कमी मात्रेत देतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील चाचणीत आयबीएसवर त्याचा फायदा दिसला. हे औषध नैराश्यासाठी मोठ्या मात्रेत वापरले जाते. चिठ्ठीत त्याचे नाव दिसले म्हणून आपल्याला ‘वेडे’ ठरवले, असे समजू नये.

इथे थांबू नका

घास अडकणे, वजन घटणे, उलटीत किंवा शौचात रक्त, डांबरासारखे काळे शौच, रक्तक्षय, जुलाबामुळे रात्री झोपमोड होणे, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास किंवा घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास असेल, तर ‘आयबीएस आहे’ म्हणून गप्प बसू नये. तपासणी हवीच.

आणि चालताना किंवा जिना चढताना छातीत जळजळ, दाब जाणवला, सोबत घाम आला, दुखणे जबड्याकडे किंवा हाताकडे गेले, तर ॲसिडिटीची गोळी घेऊन वाट पाहू नका. आधी ईसीजी काढा.