घोड्याच्या रक्तातून निवडलेले औषध

भोर आणि वेल्हे भागांत पाऊस स्थिरावला की भातलावणीची एकच घाई उडते. खाचरात चिखल, बांधावर वाढलेले गवत, परतताना पडलेला अंधार. साप चावण्याच्या घटना याच दिवसांत वाढतात. भारतात दरवर्षी सुमारे ५८ हजार माणसे सर्पदंशाने दगावतात, असा संशोधकांचा अंदाज आहे. यातले बहुतेक मृत्यू खेड्यांतले. त्यावर खरा इलाज एकच, प्रतिविष. आपण बोलताना त्याला ‘सापाची लस’ म्हणतो. ते कसे तयार होते हे समजले, तर त्याची जागा झाडपाला का घेऊ शकत नाही हेही समजेल.

मुंबईच्या परळमधील हाफकिन संस्था १८९९ सालची. तिच्यातूनच पुढे निघालेल्या सरकारी औषधनिर्मिती महामंडळाचे घोडे आपल्याच जिल्ह्यात, पिंपरीला आहेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष घोड्याला अगदी अल्प प्रमाणात टोचतात आणि मात्रा हळूहळू वाढवतात. घोड्याला सहसा गंभीर इजा होत नाही, मात्र त्याच्या रक्तात विषाला निकामी करणारी प्रतिद्रव्ये तयार होतात.

खरे काम यानंतर सुरू होते. घोड्याचे रक्त माणसाला जसेच्या तसे देता येत नाही. आधी रक्तातील पेशी खाली बसवून वरचा पिवळसर द्रव वेगळा करतात. त्यात शेकडो प्रकारची प्रथिने असतात आणि आपल्याला हवी असतात फक्त प्रतिद्रव्ये. पेप्सिन नावाचे पाचक द्रव्य घालून प्रतिद्रव्याचा नको असलेला भाग तोडतात. मग विशिष्ट क्षार किंवा आम्ल घालून प्रथिनांचा साका वेगळा काढतात. हे करायचे कारण सरळ आहे. परके प्रथिन जितके कमी, तितकी अंगावर पित्त उठण्याची, दम लागण्याची भीती कमी.

निवड नीट झाली की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी जेलीसारख्या पातळ थरात नमुना ठेवून त्यातून वीज सोडतात. लहान रेणू भरभर पुढे सरकतात, मोठे मागे राहतात. रंग दिल्यावर पट्टे उमटतात. नको असलेल्या प्रथिनाचा पट्टा उठून दिसला, तर शुद्धीकरण अपुरे राहिले असे कळते. याच पद्धतीने विषाचीही तपासणी होते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते, हेही अशाच तपासण्यांतून दिसले. प्रतिविषासाठी लागणारे विष मुख्यतः तामिळनाडूतील इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येते. म्हणून प्रत्येक भागात त्याचा गुण सारखाच येईल असे नाही. प्रदेशानुसार प्रतिविष बनवण्याचे प्रयत्न चालू आहेत.

एका कुपीत १० मिलिलिटर प्रतिविष असते. एक मिलिलिटर घोणसचे ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करते, म्हणजे पूर्ण कुपी ६ मिलिग्रॅम. घोणस एका दंशात सरासरी ६० मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते. म्हणूनच डॉक्टर सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या देतात. ‘एका इंजेक्शनात भागेल’ असा हट्ट धरू नये. काही जणांना त्याची रिअॅक्शन येते, त्यामुळे ते रुग्णालयातच घ्यावे लागते. सरकारी रुग्णालयात ते मोफत मिळते.

घरातल्या प्रत्येकाने एवढे लक्षात ठेवावे. चावलेली जागा कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. हात-पाय हलू न देता रुग्णाला १०८ क्रमांकाच्या गाडीने किंवा मिळेल त्या वाहनाने न्यावे. मण्यार रात्री झोपेत चावते आणि दंश फारसा दुखत नाही. पहाटे पोटात दुखू लागले, पापण्या जड झाल्या, तर थांबू नये. जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली खोचावी.

दुआ अवश्य करावी, पण ती गाडीत बसून, रुग्णालयाच्या वाटेवर. आधी झाडफूक आणि मग डॉक्टर, या क्रमात गेलेला वेळ कोणतीही कुपी परत देऊ शकत नाही.