भिंतींना कान, जमिनीला आवाज

समोरच्या घरातला माणूस तळघरात काहीतरी लपवतोय, असा नुसता संशय. आपण पलीकडचं पोर. त्याचा डोळा चुकवून आत शिरायचं आणि तळघराचं दार उघडायचं. डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या ‘हॅलो नेबर’ या गेमची गोष्ट एवढीच. पण हा शेजारी तुमच्या वाटा लक्षात ठेवतो. एकाच खिडकीतून वारंवार शिरलात, की पुढच्या खेपेला तिथे सापळा लावलेला असतो.

अशा खेळातल्या भिंतींना खरोखर कान असतात. १९९८ च्या ‘थीफ’ या गेमने ही रचना फार बारकाईने बांधली. पायाखाली लोखंडी पत्रा आहे की गालिचा, यावर पावलाचा आवाज ठरतो. तो दारांतून, बोळांतून विरत विरत पहारेकऱ्यापर्यंत पोहोचतो. मग त्याचा संशय पायरीपायरीने चढतो: आधी कानोसा, मग शोध, मग पाठलाग.

भीती मात्र खेळणाऱ्याच्या कानात तयार होते. डावीकडचा आवाज उजव्या कानाला किंचित उशिरा पोहोचतो; हे अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतं, तरी मेंदू त्यावरून दिशा ओळखतो. घुमणाऱ्या, खोल आवाजापुढे बंद खोलीत ही युक्ती लंगडी पडते. ५० हर्ट्झच्या आवाजाची लहर जवळपास ७ मीटर लांब असते. डोक्याला वळसा घालून ती दोन्ही कानांवर सारख्याच जोराने आदळते, आणि भिंतींवरून परतणारे पडसाद गोंधळात भर घालतात. कुठून आला ते कळत नाही, म्हणून तो आवाज अधिक छळतो. भयखेळांतली घरघर बहुतेक वेळा अशीच खालच्या पट्टीतली असते.

हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांना ही भीती पडद्यावर शोधावी लागलेली नाही. तिथे वर्षानुवर्षं अधूनमधून जमिनीतून गूढ आवाज येतात, आणि माणसं घर सोडून उघड्यावर येतात. त्यांना घाबरट म्हणणाऱ्यांनी ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट आठवावी. मराठवाड्यात राहत्या घराचाच संशय येणं हे अनुभवाचं शहाणपण आहे.

जमिनीतून असा आवाज कसा येतो? लहान, उथळ भूकंपाची पहिली लहर कठीण खडकातून सेकंदाला काही किलोमीटर वेगाने वर येते आणि जमिनीचा पृष्ठभाग स्पीकरच्या पडद्यासारखा हलवते. तो थरथराट हवेत उतरला की गडगडाट ऐकू येतो. घराभोवतीची सगळी जमीन जवळजवळ एकदमच बोलत असल्याने कानाला दिशा सापडतच नाही. हादरा इतका हलका असू शकतो की अंगाला जाणवतही नाही.

कानाला जमत नाही ते भूकंपमापकांना जमतं. निरनिराळ्या ठिकाणच्या यंत्रांवर लहर किती वाजता पोहोचली, यावरून उगमाची जागा आणि खोली काढता येते. ही माहिती आवाज झाला त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागायला हवी, असं मला आग्रहाने वाटतं. हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास ४.५ तीव्रतेचा धक्का बसला; १० जुलैला पुन्हा तेवढाच. मार्चच्या धक्क्यानंतर प्रशासनाने एक साधी सूचना केली होती, ती आजही लागू आहे: वाऱ्याने उडू नयेत म्हणून छपराच्या पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घ्या. पत्रे मात्र दुसऱ्या कशाने तरी घट्ट बांधायला हवेत.