मृगाच्या आत दारातले भंगार हलवा



गळीत हंगाम आटोपला की गावात दोन गोष्टी घडतात. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आपापल्या गावी परततात आणि वाहतुकीची वाहने दारात येऊन थांबतात. त्यातली जी धड आहेत ती पुढच्या हंगामासाठी दुरुस्तीला जातात. जी थकली आहेत ती मात्र जिथे उभी राहिली तिथेच राहतात. पहिल्या वर्षी टायर बसतात, दुसऱ्या वर्षी गाजरगवत वर येते, तिसऱ्या वर्षी कोंबड्या आत अंडी घालू लागतात. पाचव्या वर्षी तर पाहुण्याला घराची खूण सांगताना आपण म्हणतो, "ती गंजकी ट्रॉली दिसते ना, तिच्या पलीकडचं घर!"

दुसऱ्याला शहाणपण सांगण्याआधी स्वतःच्या दारातले सांगतो. आमच्या घराचीही हीच खूण होती. वडिलांनी १९८४ साली कर्ज काढून ट्रॅक्टर आणि दोन चाकांची ट्रॉली घेतली. त्या दिवशी गावात पेढे वाटले होते. पुढे ट्रॅक्टर विकला गेला, ट्रॉली राहिली. वडील गेल्यावर आम्हा दोघा भावांची वाटणी झाली. जमीन वाटली, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, तांब्या-पितळेची भांडीसुद्धा मोजून घेतली. ट्रॉलीचे नाव मात्र कोणी काढले नाही. थोरला म्हणायचा, "तुझ्या दारात आहे, तू बघ." मी म्हणायचो, "विकली तर पैशाचा हिशेब कोण देत बसणार?" अशी ती सोळा वर्षे उभी राहिली. तिच्यात आम्ही जुने टायर टाकले, फुटके पिंप टाकले, मोडका फवारणी पंप टाकला. म्हटलं, कधीतरी उपयोगी पडेल.

एका श्रावणात थोरल्याच्या नातीला ताप भरला. तिसऱ्या दिवशी अंगावर पुरळ आले, पोरगी मान टाकू लागली. तालुक्याला नेली तर डेंग्यू निघाला. आठ दिवस घरातले कोणी नीट जेवले नाही. इकडे उपकेंद्राच्या आरोग्यसेविका गल्ली तपासायला आल्या. त्यांनी घरातले रांजण पाहिले, टाकी पाहिली आणि मग ट्रॉलीत चढून बॅटरीचा उजेड टायरमध्ये टाकला. आत पावसाचे पाणी साचलेले, आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. थोरला आणि मी शेजारी शेजारी उभे होतो. दोघांनीही एकमेकांकडे पाहिले नाही. ट्रॉली कोणाच्या वाटणीची, हे डासाने विचारले नव्हते.

देवदयेने पोरगी बरी होऊन घरी आली. म्हणून आज हे लिहिता येते आहे.

टायर एवढा घातक का?

डेंग्यू आणि चिकनगुन्या पसरविणारा एडिस डास गटारात वाढत नाही. त्याला साचलेले, त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी लागते. टायरची रचना अशी, की आत गेलेले पाणी टायर कसाही ठेवला तरी पूर्ण निघत नाही. वर सावली असल्यामुळे ते लवकर आटतही नाही. या डासाची मादी पाण्याच्या कडेला, टायरच्या आतल्या ओलसर भिंतीवर अंडी घालते. पाणी आटले तरी ती अंडी कित्येक महिने कोरडी तग धरतात आणि पहिल्या पावसाचे पाणी लागताच फुटतात. त्यानंतर साधारण आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. म्हणजे उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत दिसणारा टायरही निर्धास्त समजू नये. हा डास दिवसा चावतो आणि फार लांब उडत नाही. आपल्याला चावलेला डास बहुधा आपल्या किंवा शेजाऱ्याच्याच अंगणात जन्मलेला असतो.

२००६ साली चिकनगुन्याची साथ राज्यात आली, ती अनेकांना आठवत असेल. घरेच्या घरे सांधे धरून बसली होती. हातात खुरपे धरवेना, धार काढवेना. तीही याच डासाची करणी.

केवळ डासच नव्हे

उभ्या भंगारात उंदीर होतात आणि उंदरामागे साप येतो. नाग, घोणस यांना अशी अडगळ म्हणजे आयती वस्ती. आणि आपली पोरं लपंडाव खेळायला नेमकी तिथेच शिरतात. दोन चाकांच्या ट्रॉलीचे आणखी एक आहे. पुढची दांडी दगडावर टेकवून आपण ती उभी करतो. चार पोरं मागच्या बाजूला चढली की तोल जातो, दांडी वर उचलते. पोरं उतरली की तीच दांडी धाडकन खाली येते. खाली कोणाचा पाय असेल, कोणाचे डोके असेल, सांगता येत नाही. जुन्या बॅटरीत शिसे आणि तेजाब असते. ती अंगणात फोडू नये, बॅटरीच्या दुकानदाराकडे परत द्यावी. रिकाम्या डिझेल टाकीला तर गॅस कटर किंवा वेल्डिंग लावण्याची घाई करूच नका. आत राहिलेल्या वाफेचा भडका उडून टाकी फुटते. माहितगार माणसाकडूनच ती आधी धुऊन, मोकळी करून घ्यावी.

रात्रीपुरते बेवारस वाहन

हंगामात आणखी एक प्रकार घडतो. भरलेली ट्रॉली वाटेत बसते. ड्रायव्हर चाकाखाली दगड लावून जेवायला जातो किंवा सामान आणायला तालुक्याला जातो. मागे दिवा नाही, तांबडा रिफ्लेक्टर नाही. अंधारात मोटरसायकलवाल्याला ती दिसते तेव्हा ब्रेक लावायला वेळ उरलेला नसतो. दुरुस्ती झाली की गाडी निघून जाते, दगड मात्र रस्त्यातच! ते दगड उचलायला अर्धा मिनिट लागतो. ज्याच्या घरचा कर्ता माणूस त्या दगडावर पडला, त्याच्या घरी आयुष्यभर अंधार राहतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ नुसार सार्वजनिक जागेत दहा तास वा अधिक बेवारस सोडलेले वाहन पोलिसांना हलवता येते. पण पोलिसांची वाट कशाला पाहायची? ऊस आपला, रस्ता आपला आणि त्या रस्त्याने येणारी माणसेही आपलीच.

भंगारात घालण्यापूर्वी कागद पुरे करा

पुष्कळजण गाडी वजनावर विकून मोकळे होतात. येथेच चूक होते. गाडी तुटली तरी दप्तरी तिचा नंबर जिवंत राहतो. उद्या तो नंबर दुसऱ्या कोणी वापरला, तर विचारपूस मूळ मालकाकडे येते. म्हणून क्रम असा ठेवावा :

पहिले, गाडीवर बँकेचा वा सोसायटीचा बोजा असेल तर फेडीचा दाखला घेऊन तो आर.सी. बुकावरून उतरवून घ्यावा. दुसरे, मालक हयात नसेल तर वारसांनी आधी एकत्र बसावे आणि नावाचे काम करून घ्यावे. तिसरे, गाडी कायमची निकामी झाली असेल तर कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर तसे आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी. ट्रॉलीलाही स्वतंत्र नोंदणी असते, तिला विसरू नये. २०२१ पासून नोंदणीकृत वाहन मोडीत काढण्याची केंद्रे सुरू झाली आहेत. तिथे गाडी दिली की ठेव प्रमाणपत्र मिळते आणि नवे वाहन घेताना त्यावर सवलत मिळू शकते. जवळचे केंद्र कोणते, ते आरटीओ कार्यालयात विचारावे.

टायर जाळू नयेत. गुऱ्हाळाच्या चुलवाणातही घालू नयेत. तो धूर माणसाला आणि जनावराला सारखाच विषारी. मुरघासावर वजन म्हणून टायर ठेवायचे असतील तर त्यांना खालून-वरून भोके पाडावीत, म्हणजे पाणी थांबणार नाही.

गावाने काय करावे?

२००० साली राज्यात संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा गावोगावी लोकांनी हातात खराटा घेतला. बाबा आधी गाव झाडत आणि मग रात्री कीर्तनात डोकी झाडत. आपण गल्ल्या झाडल्या, उकिरडे हलविले. पण दारातल्या भंगाराला हात लावला नाही, कारण ते "मालकीचे" होते. रस्त्यावरचा अडथळा काढण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला अधिनियमाच्या कलम ५३ ने दिलेला आहे. पण नोटिशीने गाड्या हलतात आणि मने दुखावतात. त्यापेक्षा ग्रामसभेत एक दिवस ठरवावा, ज्याचे ट्रॅक्टर चालू आहेत त्यांनी ओढायला द्यावेत, गल्लीने हात लावावा आणि ज्याची गाडी आहे त्याच्या समक्ष, त्याच्या संमतीने ती हलवावी.

आमची ट्रॉली आम्ही दोघा भावांनी मिळून दिली. तिचा मागचा फाळका तेवढा ठेवला. त्यावर वडिलांनी रंगवून घेतलेले कुलदैवताचे नाव आहे. तो आता थोरल्याच्या गोठ्याच्या भिंतीला लावला आहे. बाकीच्या लोखंडाचे जे पैसे आले, त्यात पोरीच्या दवाखान्याचे अर्धे बिलही निघाले नसते. सोळा वर्षे आम्ही जपलेल्या "इस्टेटीची" किंमत ती एवढीच.

हात फिरे तिथे लक्ष्मी वसे, असे आपल्या आया-बाया सांगत आल्या. तेव्हा मंडळी, मृगाच्या आत एकदा स्वतःच्या घराभोवती फेरी मारा. सोबत भावाला घ्या, शेजाऱ्याला घ्या. जे चालते ते दुरुस्त करा, जे चालत नाही त्याला निरोप द्या. मोकळ्या झालेल्या जागेत पोरं खेळू द्यात.