गच्चीवर दुर्बीण, खोलीत लॅपटॉप: लांब यूएसबीबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

दिवाळी सरली, आभाळ निवळलं की अमरावती-अकोल्याच्या गच्च्यांवर आणि चिखलदऱ्याच्या पठारावर दुर्बिणी लागू लागतात. मृग नक्षत्रातला तेजोमेघ हे बहुतेकांचं पहिलं लक्ष्य. मुख्य कॅमेरा, गायडिंगचा छोटा कॅमेरा, फोकसर आणि माउंट यांच्या वायरी लॅपटॉपकडे येतात. गच्चीवर थंडी असते, म्हणून लॅपटॉप खालच्या खोलीत ठेवावासा वाटतो आणि बाजारातून दहा मीटरची यूएसबी केबल येते. संध्याकाळी सगळं सुरळीत चालतं. मध्यरात्री, ऐन कामाच्या वेळी पडद्यावर ‘कॅमेरा डिसकनेक्टेड’ उमटतं. दोष ड्रायव्हरला दिला जातो, कॅमेऱ्याला दिला जातो, दवालाही दिला जातो. केबलच्या लांबीकडे मात्र सगळ्यात शेवटी लक्ष जातं.

‘वायर ती वायर, पाच मीटर काय नि पंधरा मीटर काय’ हा पहिला गैरसमज. यूएसबी २ ला ५ मीटरची मर्यादा आहे, आणि तिचं एक मोठं कारण वेळ हे आहे. संगणक उपकरणाला विचारतो आणि ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही, तर ते उपकरण गप्प आहे असं धरतो. ही मुदत एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या दीडपट एवढीच असते. केबलमधून संकेत जायला-यायला लागणारा वेळ त्यातूनच वजा होतो. एका केबलच्या वाट्याला एका बाजूने २६ नॅनोसेकंद येतात, त्यातून ही साधारण ५ मीटरची लांबी निघते. वाटेत हब टाकून हे अंतर वाढवता येतं, पण एकापुढे एक पाच हबपर्यंतच. म्हणजे सहा तुकडे आणि फार तर ३० मीटर. बाजारातल्या बहुतेक ‘अॅक्टिव्ह’ केबलींमध्ये असा हबच दडलेला असतो. त्यामुळे तीन-चार अॅक्टिव्ह केबली जोडून टोकाला आणखी एक हब लावला, की ही हद्द आपल्या नकळत गाठली जाते.

‘यूएसबी ३ नवं आहे, ते जास्त लांब चालेल.’ खरं तर उलट आहे. त्याचा वेग सेकंदाला ५ गिगाबिट, यूएसबी २ च्या दहापट. इतका वेग साध्या तांब्याच्या तारेत साधारण ३ मीटरपर्यंतच भरवशाने टिकतो. तेजोमेघ आणि दीर्घिका टिपणाऱ्याला त्याची गरजही नसते. २६ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची १६ बिटची एक फ्रेम सुमारे ५२ मेगाबाइटची असते. यूएसबी २ वरून ती दीड सेकंदाच्या आसपास उतरते. तीन मिनिटांच्या एक्स्पोजरपुढे दीड सेकंद काहीच नाही. यूएसबी ३ चे बहुतेक खगोल-कॅमेरे यूएसबी २ च्या केबलवरही चालतात. गुरू, शनी किंवा चंद्राचा वेगवान व्हिडिओ घेणाऱ्यालाच यूएसबी ३ चा वेग लागतो. त्याने संगणक दुर्बिणीजवळच ठेवावा.

सगळ्यात कमी लक्ष जातं ते विजेकडे. वरुड-मोर्शीच्या संत्रा बागायतदाराला हे सांगायला नको: ठिबकची नळी बारीक आणि लांब असेल, तर शेवटच्या झाडापाशी दाब उरत नाही. केबलच्या आवरणावरची बारीक छपाई उजेडात वाचा. ‘२८ एडब्ल्यूजी’ लिहिलेलं असेल, तर तार बारीक. हा आकडा जितका लहान, तितकी तार जाड. काही केबलींवर दोन आकडे असतात: ‘१पी’ जवळचा आकडा डेटाच्या जोडीचा, ‘२सी’ जवळचा वीज नेणाऱ्या तारांचा. आपल्याला दुसरा पाहायचा आहे. २८ च्या तारेतून ५ मीटरवर अर्धा अँपिअर नेला, तर जाता-येता मिळून सुमारे १ व्होल्ट वाटेतच जातो. निघालेले ५ व्होल्ट कॅमेऱ्यापाशी ४ होतात. तेच २४ च्या तारेत फक्त ०.४ व्होल्ट जातो. लांबी दुप्पट केली, की घटही दुप्पट. टोकाच्या हबवर कॅमेरा आणि फोकसर एकत्र असतील, तर फोकसर हलताना क्षणभर जास्त वीज ओढतो, व्होल्टेज आणखी पडतं आणि कॅमेरा सुटतो. संध्याकाळी चाललेलं रात्री बंद पडण्याचं कोडं पुष्कळदा इथे सुटतं. सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना यात काहीही बदलत नाहीत. उपाय सरळ आहे: दुर्बिणीजवळ स्वतंत्र वीज घेणारा हब. १२ व्होल्टवर चालणारे असे हब मिळतात.

वावरात दुर्बीण लावणारे फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी वापरू पाहतात. हब आणि गायड कॅमेऱ्याला ती पुरते. पण शीतकरण असलेला मुख्य कॅमेरा एकटाच २-३ अँपिअर घेतो आणि ८ अँपिअर-तासांची बॅटरी रात्र सरण्याआधीच बसते. तिथे इन्व्हर्टरची किंवा गाडीची मोठी बॅटरीच हवी.

‘लॅनच्या वायरीला दोन्ही टोकांना कन्व्हर्टर लावले की ५० मीटर मिळतात.’ अर्धसत्य. ज्या स्वस्त जोडीला स्वतःचा वीजपुरवठा नाही, त्यात फक्त तारा जोडलेल्या असतात. वेळेची मर्यादा जशीच्या तशी राहते. वीज घेणारे खरे एक्स्टेंडर चालतात, पण विकत घेण्याआधी वेग विचारा. त्यातले काही सेकंदाला १२ मेगाबिटवरच थांबतात, आणि मग तीच ५२ मेगाबाइटची फ्रेम उतरायला पाऊण मिनिट लागू शकतं. ती वायर लॅनची दिसली, तरी राउटरमध्ये खोचायची नसते.

माझं स्पष्ट मत आहे की गच्चीपासून खोलीपर्यंत यूएसबी न्यायचीच नाही. संगणक दुर्बिणीपाशी ठेवायचा आणि लांब न्यायचं ते नेटवर्क. मोठ्या वेधशाळांचा मार्गही हाच आहे. लडाखमधल्या हानले इथली २ मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण बंगळुरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहाच्या दुव्याने चालवली जाते. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटीच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत, आणि त्यांचे संकेत ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीत येतात. आपल्या गच्चीवर हेच काम एखादा मिनी पीसी किंवा रास्पबेरी पाय करतो. फ्रेम तिथेच साठतात, गायडिंग तिथेच चालतं, खोलीत फक्त पडदा दिसतो. दुवा तुटला, तरी एक्स्पोजर थांबत नाही.

हा दुवा वायफायचा असेल, तर ५ गिगाहर्ट्‌झचा घ्यावा. यूएसबी ३ ची उपकरणं २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गोंगाट करतात, आणि आपला संगणक त्यांच्याच शेजारी असतो. त्याहून बरी लॅनची वायर. ती १०० मीटरपर्यंत चालते आणि तिच्या दोन्ही टोकांना ट्रान्सफॉर्मर असल्याने गच्ची आणि खोली यांच्या अर्थिंगमधला फरक उपकरणांपर्यंत पोहोचत नाही. धातूची जाळी असलेली शील्डेड वायर घेतली, तर हा फायदा जाऊ शकतो. साधी अनशील्डेड पुरे. मात्र आवरण बाहेर वापरायचं हवं. अकोल्याचा मे महिन्यातला पारा ४५ च्या वर जातो आणि घरातल्या वायरीचं प्लास्टिक अशा उन्हात कडक होऊन तडकतं. ट्रान्सफॉर्मर विजेच्या कडकडाटापासून मात्र वाचवत नाही. वळवाचे ढग दिसले, की वायर दोन्ही टोकांनी काढून ठेवा.

दोन गोष्टी राहिल्या. विंडोज वीज वाचवण्यासाठी यूएसबी पोर्ट झोपवतं. ती सोय पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. आणि मध्यमंडळ ओलांडताना माउंट दुर्बीण उलटी फिरवतो, तेव्हा केबल कुठे ओढली जाते ते दिवसा उजेडी पाहून घ्या. ती पिनेजवळ बांधा आणि पुरेशी ढील ठेवा.

नवीन जोडणी कधीही थेट चिखलदऱ्याला नेऊ नका. घरीच, भर दुपारी, सावलीत, दुर्बिणीला झाकण लावून सगळी उपकरणं एकदम सुरू करा आणि दोन तास सलग डार्क फ्रेम घ्या. मध्ये फोकसर हलवा, माउंट फिरवा. एकही फ्रेम गळली नाही, तरच सामान गाडीत भरा.