मनगटावरची शिदोरी

लोणारच्या विवराच्या काठाने फिरावयास जाणाऱ्यांच्या मनगटांवर हल्ली स्मार्टवॉच दिसते. ते पावले मोजते, नाडी पाहते, चाललेली वाट नकाशावर उमटवते. आणि पुष्कळदा सायंकाळ होताच वेळ सांगावयाचेही विसरते!

चावीच्या घड्याळास सकाळी चावी दिली की दिवसाची निश्चिती असे. १९६९ साली सेइकोचे क्वार्ट्झ घड्याळ आले, आणि पुढे बटणाएवढा सेल वर्षानुवर्षे पुरू लागला. कॅसिओच्या एफ-९१डब्ल्यूत तो सुमारे ७ वर्षे टिकतो. उलट २०१५ साली निघालेल्या पहिल्या ॲपल वॉचचा वायदा होता १८ तासांचा.

असे का व्हावे? मनगटावर मावेल तेवढीच बॅटरी. आणि उजळलेला पडदा व उपग्रहांचे क्षीण संदेश टिपणारे जीपीएस तीतून भराभर वीज ओढतात. पावलांच्या मोजणीस मात्र अगदी थोडी लागते. विवरात उतरणारी पाऊलवाट आपल्या पायाखालची. तेथे जीपीएस हवेच कशाला? परंतु घरातील वडीलधाऱ्यांच्या नाडीवर रात्रीही लक्ष ठेवावयाचे असेल, तर आम्ही म्हणू, बाकीची हौस बंद ठेवावी आणि घड्याळ चार्जिंगला लावावे ते त्यांच्या स्नानाच्या वेळी.