फोनमधलं हे गाठोडं कुणाचं?

फोनमधली जागा संपली म्हणून 'डाउनलोड्स' उघडावं, तर तिथे एखादी झिप फाइल ठाण मांडून बसलेली. नावात नुसते आकडे. मैत्रिणींनो, ही आली कुठून?

झिप म्हणजे गाठोडं. अनेक फाइली दाबून एकात बांधायच्या. अमेरिकेच्या फिल कॅट्झने १९८९ मध्ये ही पद्धत आणली. बरेचदा गाठोडं आपणच आणलेलं असतं. भाचीच्या लग्नाचे फोटो गुगल ड्राइव्हवरून एकदम उतरवले, की ते झिप होऊनच येतात. आधारचं 'ऑफलाइन ई-केवायसी'सुद्धा झिपमध्येच मिळतं, शेअर कोडशिवाय उघडत नाही. कारध्यासारख्या गावात एकच फोन घरभर फिरतो, मग कुणी काय उतरवलं ते कुणालाच आठवत नाही! पण आधारचं हे गाठोडं नेट कॅफेच्या कॉम्प्युटरवर मागे राहू देऊ नका. त्यात तुमचा पत्ता न्‌ फोटो असतो.

खरी भीती न मागता आलेल्या फाइलीची. २००० च्या मे महिन्यात 'आय लव्ह यू' नावाचा व्हायरस ईमेलमधून जगभर पसरला. प्रेमपत्र वाटावं असं फाइलीचं नाव, आणि शेवटची खरी अक्षरं विंडोजने लपवलेली. आज तीच युक्ती व्हॉट्सअॅपवर चालते. २०२४ मध्ये लग्नपत्रिकेच्या नावाखाली एपीके फाइली पाठवून लोकांना फसवलं गेलं. एपीके हेही आतून झिपच, फक्त ते उघडलं की फोनमध्ये अॅप बसतं. मेसेज वाचायची परवानगी एकदा दिली, की बँकेचा ओटीपी आपल्याआधी चोराच्या हाती.

वैनगंगेला पूर आला की कारध्याच्या पातळीकडे साऱ्या जिल्ह्याचे डोळे लागतात. अशा वेळी 'नुकसानभरपाई यादी' नावाची फाइल आली, तर कोण उघडणार नाही? चोराला हेच तर हवं असतं. ओळखीच्या नंबरावरून आली तरी आधी फोन करून विचारा, "बाई, हे तूच पाठवलंस का गं?" कारण तिचाच फोन चोराच्या ताब्यात असू शकतो. सोबत पासवर्ड दिलेली झिप तर जास्तच संशयाची, कुलूप असलं की अँटीव्हायरसला आत डोकावता येत नाही.

फाइल नुसती उतरली असेल, तर न उघडता पुसून टाका. उघडून अॅप बसलंच, तर आधी नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन लावा, सासरी काय म्हणतील याचा विचार नंतर.